अक्काचे तीन उपास

कोल्हापुरातल्या आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये सगळ्यांत जास्त जेवणारी मुलगी म्हणजे अक्का. ज्वारीच्या चार भाकरी, त्यावर भात, आणि भातावर पुन्हा आमटी. ती जेवायला बसली की इकडंतिकडं बघायची नाही, बोलायची नाही. कुणी काही विचारलं तर तळहात दाखवून त्याला थांबवायची. ताट चाटूनपुसून स्वच्छ झालं की मगच मान वर करायची आणि म्हणायची, "हां, आता बोल. काय म्हणत हुतीस?" तोवर विचारणारी आपला प्रश्न विसरलेली असायची. एवढं खाऊन अंगावर मांस म्हणून नाही! मी दीड चपाती मोजून खायचे आणि तरी दर सुट्टीत हुपरीला घरी गेले की आई माझ्या ड्रेसच्या शिवणी उसवायला घ्यायची. अक्काचा हेवा वाटायला मला सुरुवात झाली ती अशी ताटापासून. तो पुढं कुठवर गेला, हे सांगायलाच बसले आहे.

अक्का हे तिचं नाव नव्हे. ती शिरोळकडच्या एका जैन शेतकरी घरातली. तिकडं कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. ती राहायला आली त्या पहिल्याच रविवारी तिचा धाकटा भाऊ वांग्यांची पिशवी घेऊन आला. मुलग्यांना आत यायची परवानगी नव्हती, म्हणून त्यानं फाटकाबाहेरूनच "अक्काऽऽ" अशी हाळी दिली. रानात पलीकडच्या बांधावरच्या माणसाला द्यावी तशी. तीन मजल्यांवरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि त्या दिवसापासून ती सगळ्यांचीच अक्का झाली. आमच्या रेक्टर मॅडम तिच्या आईच्या वयाच्या, पण हजेरीला त्याही "अक्का आहे का?" असंच विचारायच्या. आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो, आणि मी तिच्याहून चार महिन्यांनी मोठी. मला कुणी साधं ताईसुद्धा म्हटलं नाही.

माझं भांडवल म्हणजे बोलणं. वक्तृत्वाचे चषक मी शाळेपासून मिळवत आलेले. वडिलांच्या चांदीच्या कामाशेजारी आईनं ते कपाटात मांडून ठेवले होते, आणि गिऱ्हाइकाला पैंजण दाखवता दाखवता ती हळूच चषकही दाखवायची. अक्काला मात्र दोन वाक्यं सलग बोलायचा कंटाळा. शिवाय आमच्या भागातल्या पुष्कळ बायकांसारखी ती "मी आलो, मी जेवलो" असंच म्हणायची. मी तिला सुधारायला जायचे. "अगं, आले म्हण." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "आल्याशी मतलब हाय न्हवं?" पण कुणाला ताप आला, कुणाला घरून वाईट बातमी आली, कुणाचा पेपर अवघड गेला, की ती मुलगी आमच्या दारात येऊन आधी विचारायची, "अक्का आहे का?" मी समोर बसलेली असायचे, तरीसुद्धा.

एकदा मेसच्या मावशींचा हात भाजला. मी लगेच बसून रेक्टर मॅडमना अर्ज लिहिला, मावशींना पगारी रजा मिळावी असा, चांगला दीड पानी. अर्ज घेऊन स्वयंपाकघरात सही घ्यायला गेले, तर अक्का पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून भाकरी थापत होती. चार दिवस तिनं साठ मुलींच्या भाकऱ्या भाजल्या, कॉलेज सांभाळून. रजा माझ्या अर्जामुळं मिळाली, हे मावशींना मी दोनदा सांगितलं. त्या "व्हय गं बाय" म्हणाल्या आणि अक्काच्या ताटात लोण्याचा गोळा ठेवून गेल्या.

आम्ही शेवटच्या वर्षाला असताना नेपाळात मोठा भूकंप झाला. हॉलमधल्या टीव्हीपुढं आम्ही सगळ्या मुली गोळा झालो होतो. पडलेली घरं, उघड्यावर बसलेली माणसं. बघवत नव्हतं. कल्पना मला सुचली, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. सगळ्या वसतिगृहानं एक दिवस उपास करायचा, मेसचा एक खाडा धरायचा आणि वाचलेले पैसे नेपाळला पाठवायचे. मी खुर्चीवर उभी राहून वीस मिनिटं बोलले. बोलता बोलता मलाच रडू आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. रेक्टर मॅडमनी पाठीवर हात ठेवला, आणि त्या रात्री मी तृप्त होऊन झोपले.

उपासाच्या दिवशी दुपारी मेसमध्ये गेलो तर मावशींनी घाट घातलेला. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, तुपात परतलेली रताळी, प्रत्येकीला एकेक केळं आणि वर ताक. मुली तुटूनच पडल्या. रोज भाजीकडं बघून नाक मुरडणाऱ्यांनी दोनदोनदा खिचडी घेतली. मी स्वतः रताळी तीनदा मागितली. यात काही चुकतंय असं साठातल्या एकीच्याही मनात आलं नाही, कारण उपास म्हणजे हेच, हे आम्हाला पाळण्यापासून ठाऊक. संध्याकाळी मी ऐटीत मावशींकडं गेले आणि म्हणाले, "मावशी, आज किती वाचले?"

"वाचलं?" मावशी म्हणाल्या. "पोरी, तुमी उपास म्हणला, मी उपासाचं केलो. शेंगदाणं काय भावानं हायत, म्हाईत हाय काय? रोजच्यापरास जास्तीच गेलं. नेपाळचं ऱ्हाऊ द्या, आदी माझं भागवा."

रेक्टर मॅडम हसून हसून बेजार झाल्या. "एकादशी अन् दुप्पट खाशी," एवढंच त्या म्हणाल्या, पण ते साऱ्या वसतिगृहात पसरलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि वर मावशींनी पुस्ती जोडली, "एकच ताट तसंच ऱ्हायलंय बगा. अक्काचं."

अक्कानं सकाळपासून उकळून गार केलेल्या पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तिच्या घरी उपास म्हणजे उपास. तोंडात काही घालायचं नाही आणि पाणी तेही दिवस मावळायच्या आत. "मला वाटलं समद्याच तसं करणार हायत," ती म्हणाली. "खिचडी बगून मीच जरा बुचकळ्यात पडलो." चार भाकरी खाणारी ही पोरगी दिवसभर उपाशी होती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मुली तिच्याकडं ज्या नजरेनं बघायला लागल्या, ती नजर मला खुर्चीवर उभं राहूनही मिळाली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग अक्का आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली. उभी राहिली नाही, बसल्या जागेवरूनच बोलली. "मी पाचवीत हुतो तवा आमच्या घरात नदीचं पाणी आलं. शाळंच्या माडीवर ऱ्हायलो आठ दिस. टेंपोतनं भाकरी यायच्या, फडक्यात बांधल्याल्या. कुणी भाजल्या, अजून म्हाईत न्हाई. परत करू या की आपण उपास. ह्या बारीला चूलच पेटवायची न्हाई." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुली डोळे पुसत होत्या. वीस मिनिटांत मला जे साधलं नव्हतं ते हिनं पाच-सहा वाक्यांत केलं, तेही वक्तृत्वाचा चषक सोडा, एक प्रशस्तिपत्रक नसताना.

ठरलं असं, की बाकीच्या मुलींनी एक दिवस करायचा आणि ज्यांना झेपेल त्यांनी तीन दिवस. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसायचं आणि समोर मदतीची पेटी ठेवायची. तीन दिवसांसाठी अक्कानं हात वर केला. दुसरा हात माझा होता. नेपाळसाठी नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही. अक्का तीन दिवस बसणार आणि मी एक, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. डॉक्टर तपासून गेले. मला लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची मुभा मिळाली. अक्का तिच्या साध्या पाण्यावर ठाम होती.

पहिला दिवस बरा गेला. कोल्हापूरच्या माणसाला कुणी आपल्या गल्लीत उपाशी बसलेलं बघवत नाही. रिक्षावाले थांबले, पलीकडचा चहावाला आपली गाडी लाजेनं लांब घेऊन गेला. जवळच्या तालमीतले दोन पैलवान आले आणि त्यांनी खिशातले पैसे पेटीत टाकले. "अक्का, आमचा आजचा खुराक ह्यात. पोरी उपाशी आन् आमी बदाम खायाचं, ह्ये काय बरं दिसत न्हाई," त्यातला थोरला म्हणाला. त्या पैलवानाला अक्का हे नाव कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी शेजारीच बसले होते. "नमस्कार, ही संकल्पना माझी," असं मी सांगायला तोंड उघडेपर्यंत ते निघूनही गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तोंड धुवायला म्हणून खोलीत गेले. कपाटात आईनं दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा होता. मी नुसतं झाकण उघडून वास घेणार होते. लाडू तोंडात कधी गेला ते खरंच कळलं नाही. दुसरा गेला तो मात्र कळून सवरून. तेवढ्यात दार ढकलून अक्का आत आली. मी चटकन खिडकीकडं तोंड फिरवलं. दोन्ही गाल फुगलेले, हातात डबा. ती क्षणभर भिंतीशी उभी राहिली, दोरीवरचा टॉवेल घेतला आणि निघून गेली.

ती आता सांगणार, मग सांगणार, म्हणून मी उरलेला दीड दिवस सतरंजीवर घाम पुसत काढला. तिनं सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी पारणं होतं. सगळं वसतिगृह, गल्लीतली माणसं, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, सगळे जमले होते. रेक्टर मॅडमनी मुगाच्या कढणाची पहिली वाटी अक्कापुढं धरली. अक्कानं ती हातानं माझ्याकडं वळवली. "आदी हिला द्या. हिला लई तरास झालाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी मध्यभागी, ओठाला वाटी, डोळ्यांत पाणी. आणि अक्काचा अर्धा खांदा कडेला.

मला जे जे हवं होतं ते सगळं मला मिळालं, आणि तिनं दिलं. त्याचीच आग झाली. हिला माहीत आहे, मी लाडू खाल्लेत हे हिनं पाहिलं आहे, आणि तरी ही मला पहिली वाटी देते, म्हणजे भीकच घालते, असं मी मनाशी पक्कं केलं. चारचौघांत तोंडावर बोलली असती तर मी एकदाची रडून मोकळी झाले असते. तिचा मोठेपणा मला सोसवेना. मी खोली बदलून घेतली. परीक्षा संपली त्या दिवशी ती फाटकापाशी माझी वाट बघत उभी होती, तर मी मागच्या दारानं हुपरीची बस गाठली. लग्नाची पत्रिका आली, मी गेले नाही. पुढं कृष्णेला दोनदा मोठा पूर आला. तिचं सासर कुरुंदवाडजवळ, नदीकाठी. टीव्हीवर त्या भागाचं नाव ऐकलं की मी फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

मधल्या काळात मी कोल्हापुरातच एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले. तो फोटो मी लॅमिनेट करून ठेवला होता. मुलाखतीच्या फायलीत तो होता, आणि दर वर्षी नव्या वर्गाला मी तीन दिवसांच्या उपासाची गोष्ट सांगायचे. मुलं मला आपसांत 'तीन दिवसवाल्या मॅडम' म्हणतात, हे मला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. गोष्टीत अक्का असायची, पण 'माझी एक मैत्रीण' एवढीच.

मागच्या नोव्हेंबरच्या शेवटी श्रीलंकेत वादळ आणि पूर आला. माझ्या वर्गातली मुलं आपणहून आली. "मॅडम, आम्ही पण उपास करणार, पैसे पाठवणार. सुरुवातीला तुम्ही तुमचा अनुभव सांगायचा." सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. आजवर मी नुसती गोष्ट सांगत होते. आता ही पोरं माझ्या शब्दावर उपाशी राहणार होती. "सोमवारी सांगते," म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. त्याच रविवारी मी कुरुंदवाडची बस धरली. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांमागं बस रखडत होती आणि मला तेवढाच उशीर हवा होता.

अक्का अंगणात वांगी निवडून क्रेटमध्ये भरत बसली होती. आता ती गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि उरलेला वेळ शेतात असते. दहा वर्षांनी मला बघून ती एवढंच म्हणाली, "आलीस व्हय? बस की." मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "अक्का, त्या उपासात दुसऱ्या दिवशी मी लाडू खाल्ले होते. तू टॉवेल न्यायला आलीस तेव्हा. तू बघितलंस ना?"

"मी कुठं बगितलो?" अक्का म्हणाली. "त्या दिशी माझ्या डोळ्याम्होरं अंधारी येत हुती. भिताडाला धरून आलो, भिताडाला धरून गेलो. तू खोलीत हुतीस, ह्येच मला आता कळालं."

"मग पहिली वाटी मला का दिलीस?"

"तू रडाल्तीस की. मला वाटलं पोरगी भुकंनं रडाल्तीया."

मी मटकन खाली बसले. जो मोठेपणा मी दहा वर्षं पाण्यात पाहत होते तो तिनं केलाच नव्हता. तिनं फक्त एका रडणाऱ्या मुलीला खायला दिलं होतं. मला वाटलं, आता ती हसेल. पण तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"थांब," ती म्हणाली. "म्हंजे तू बोलली न्हाईस त्ये ह्येच्यापायी? लग्नाला आली न्हाईस. दोनदा घरात पाणी आलं, म्हशी सोडाय लागल्या. समद्या पोरींचं फोन आलं, तुझा न्हाई. मी म्हटलो, माझ्या हातनंच काय तरी चुकलंय. काय बोललो मी हिला, काय केलो, आसं किती येळा आठवत बसलोय मी. आन् तू लाडू खाल्लीस म्हणून?" हातातलं वांगं तिनं क्रेटमध्ये आपटलं. वांगं फुटलं. तिनं ते उचलून म्हशीपुढं टाकलं आणि माझ्याकडं पाठ करून तिला वैरण घालायला लागली.

माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि मला मागायला तोंड नव्हतं. जेवायला मात्र वाढलं आणि स्टँडवर सोडायलाही आली. बस लागली होती. तेव्हा म्हणाली, "पोरांस्नी काय सांगणार हाईस?" मी म्हटलं, "माहीत नाही." ती म्हणाली, "लाडवाचंच सांग. तीन दिसाचं काय, कुणीबी ठोकतंय."

सोमवारी मी वर्गात लाडवाचं सांगितलं. दोन्ही लाडवांचं, टॉवेलचं, फोटोचं आणि न केलेल्या फोनचंही. पहिल्यांदा मुलं हसली. शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग आपण त्यांनाच बोलावू या ना." सगळ्या वर्गानं ते उचलून धरलं. एका मिनिटात माझं भाषण रद्द झालं. फोन मलाच करावा लागला. "येतो की," अक्का म्हणाली.

ती आली. इस्त्री न केलेली सुती साडी, हातात वांग्यांची पिशवी. जेमतेम दोन मिनिटं बोलली, त्यातही एक मिनिट कुणी चक्कर येईतोवर बसू नये हे बजावण्यात गेलं. कार्यक्रम संपल्यावर मुलांनी तिला गराडा घातला, कुणी फोटो काढत होतं, कुणी पुराचं विचारत होतं, आणि एक मुलगा तिला सरळ अक्का म्हणाला. मला 'तीन दिवसवाल्या मॅडम' आता कुणी म्हणणार नव्हतं. मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर एकटी बसून राहिले होते. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात अगदी पूर्वीसारखं दुखत होतं.

मुलांच्या डोक्यांवरून तिनं मान उंचावली आणि मला हाक मारली, "आगं, ये की हिकडं. ह्या पोरांशी काय बोलायचं मला सुदरंना." मला ती पहिलीच हाक ऐकू आली होती. पण तिनं दुसऱ्यांदा मारली तेव्हा मी उठले.